'क्वाइट गुड' म्हणजे किती गुड?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



चौतीस वर्षं मी सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, तर मुलांना इंग्रजी येईना आणि मला मुलांना सोडवेना, अशी ती चौतीस वर्षं गेली. या काळात कुठल्याही इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ अडला की माझं उत्तर ठरलेलं असायचं : ज्यांची भाषा आहे त्यांना विचारा. साहेब म्हणेल तो अर्थ. कोश साहेबाचा, म्हणून कोशातला अर्थ बरोबर. एरवी हे चुकीचं नाही. फक्त 'साहेब' नावाचा माणूस एकच आहे, असं मी धरून चाललो होतो. तो एक नाही, निदान दोन आहेत, आणि त्या दोघांचं आपापल्या मातृभाषेतल्या साध्यासाध्या बोलण्यावरही एकमत नाही, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. कळलं तेही एका मुलीचं वर्ष वाया गेल्यावर.

ती माझी विद्यार्थिनी. कराडजवळच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याच्या घरची. माझ्याकडे ती फक्त सक्तीच्या इंग्रजीपुरती होती, तिचा खरा विषय वनस्पतिशास्त्र. २००३ साली ती शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात पीएच.डी.साठी गेली. पहिलं प्रकरण लिहून तिने मार्गदर्शकांना दिलं. त्यांनी समासात पेन्सिलीने लिहिलं, 'क्वाइट गुड.' आणि खाली, 'यू माइट वाँट टु हॅव अनदर लुक अ‍ॅट सेक्शन टू.' तिने त्याच रात्री मला ई-मेल केला : सर, 'क्वाइट गुड' आलंय! मी सायबर कॅफेत बसून उत्तर टाइप केलं : अभिनंदन! आणि दुसऱ्या दिवशी कॉमन रूममध्ये पाव किलो पेढे वाटले.

आमच्या दोघांच्याही हिशेबाने 'क्वाइट' म्हणजे पूर्णपणे, अगदी. कोशात पहिला अर्थ तोच होता आणि मी वर्गात तोच सांगितला होता. म्हणजे काम अगदी उत्तम झालंय. आणि वाटलंच तर दुसऱ्या भागावर एकदा नजर टाका, नाही टाकली तरी चालेल. तिला वाटलं नाही. तिने तो भाग तसाच ठेवला आणि पुढच्या कामाला लागली. वर्षअखेरीच्या तपासणीत समितीने नेमकं त्याच भागावर बोट ठेवलं आणि सगळं परत पाठवलं. मार्गदर्शक तिला म्हणाले, मी तर तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं. ते खरंच बोलत होते. त्यांनी त्यांच्या परीने अगदी स्पष्ट सांगितलं होतं.

आता हा 'क्वाइट' जरा नीट पाहू. 'क्वाइट डेड', 'क्वाइट इम्पॉसिबल', 'क्वाइट राइट' यांत तो खरोखरच 'पूर्णपणे' असतो. मेलेला माणूस थोडा मेलेला आणि जास्त मेलेला नसतो. पण ज्या गुणाला कमीजास्त होता येतं, म्हणजे चांगला, उंच, हुशार, तिथे इंग्लंडातला माणूस 'क्वाइट' लावतो तेव्हा बहुधा तो गुण एक पायरी खाली उतरवत असतो. 'क्वाइट गुड' म्हणजे 'बरं आहे'. नव्या सुनेने केलेली भाजी चाखून सासूबाई 'बरी झालीये हो' म्हणतात, तसं. अमेरिकेत मात्र तोच 'क्वाइट गुड' म्हणजे 'चांगलंच आहे की!' त्यातही इंग्लंडात आघात कुठे पडतो त्यावर पुष्कळ अवलंबून. 'क्वाइट'वर जोर दिला तर गुण उतरला, 'गुड'वर दिला तर चढला. पण पेन्सिलीने लिहिलेल्या अक्षरांना आघात कुठला?

आणि 'यू माइट वाँट टु', म्हणजे 'तुम्हाला कदाचित इच्छा होईल', ही इंग्लंडमध्ये नम्र वेशातली आज्ञा आहे. भाग दोन बदला, एवढाच तिचा अर्थ.

आपण परके, आपला घोटाळा व्हायचाच, असं कुणी म्हणेल. मीही तसंच म्हणून स्वतःची समजूत घातली होती. पण नंतर वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं की आईच्या दुधाबरोबर इंग्रजी प्यायलेले दोन सेनाधिकारी नेमक्या याच खड्ड्यात पडलेले आहेत, आणि तिथे एका वर्षाचा नव्हे, माणसांच्या जिवाचा प्रश्न होता.

कोरियाचं युद्ध. १९५१ सालचा एप्रिल महिना. सोलच्या उत्तरेला इमजिन नावाची नदी आहे. तिच्या काठावर ब्रिटिशांची २९वी ब्रिगेड होती, तिचे प्रमुख ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी. ही ब्रिगेड अमेरिकेच्या ३ऱ्या डिव्हिजनच्या हाताखाली, म्हणजे ब्रॉडींचे वरिष्ठ अमेरिकन, मेजर जनरल रॉबर्ट सोल. २२ एप्रिलच्या रात्री चिनी सैन्याने मोठा हल्ला चढवला. ब्रिगेडमधली ग्लॉस्टरशर रेजिमेंटची पलटण एका टेकडीवर अडकली, नकाशावर तिचा क्रमांक २३५. चारी बाजूंनी वेढा. दारूगोळा संपत आलेला, पाणी संपत आलेलं. अशा वेळी सोल यांनी ब्रॉडींना विचारलं, परिस्थिती कशी आहे? ब्रॉडींनी उत्तर दिलं असं सांगतात, 'थिंग्ज आर अ बिट स्टिकी, सर.' शब्दशः पाहिलं तर, जरा चिकट झालंय.

दुसऱ्या कुणा ब्रिटिश अधिकाऱ्याने हे ऐकलं असतं तर तो ताडकन उभा राहिला असता. कारण त्या पिढीच्या, त्या वर्गाच्या इंग्रजाच्या तोंडून 'अ बिट स्टिकी' येणं म्हणजे 'आता आमचं काही खरं नाही'. आकांताला 'जरा' लावायचा, हीच तिथली रीत. अमेरिकन जनरलने मात्र ऐकलं ते शब्दांत होतं तेवढंच : थोडी अडचण आहे, पण निभावतंय. निभावतंय, तर टिकून राहू द्या.

२५ एप्रिलला शेवट झाला. पलटणीतले पाचशेहून अधिक लोक चिन्यांच्या कैदेत गेले, कित्येक मेले. जेमतेम चाळीसएक जण डोंगरातून वाट काढत आपल्या बाजूला परत पोचले. पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल जेम्स कार्न यांना पुढे व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण तो घ्यायच्या आधी त्यांना दोन वर्षांहून अधिक काळ युद्धकैदी म्हणून काढावा लागला. त्या टेकडीला आज ग्लॉस्टर हिल म्हणतात.

एका 'स्टिकी'मुळे एवढं सगळं झालं, असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. सुटकेचा प्रयत्न २४ तारखेला झाला होता. फिलिपिनो सैनिक आणि ब्रिटिश रणगाडे निघाले होते, पण अरुंद खिंडीत पुढचा रणगाडा निकामी झाला आणि वाट बंद झाली. आणि चिनी सैन्य संख्येने कितीतरी मोठं होतं. लढाईत अशी दहा कारणं असतात. तरीही हे वाक्य त्या लढाईच्या आठवणीला चिकटून राहिलंय, ते उगाच नाही. आमचे आजोबा शेवटच्या आजारात मिरजेच्या दवाखान्यात होते. कुणी विचारलं की म्हणायचे, 'जरा अशक्तपणा आहे, बाकी काही नाही.' गावाकडून भेटायला आलेले लोक ते ऐकून खरोखर निर्धास्त होऊन परत जायचे. आजी तेवढी पदराने डोळे पुसायची. त्यांचा 'जरा' किती मोठा असतो, हे तिला ठाऊक होतं.

या 'जरा'च्या बाबतीत इंग्लंड-अमेरिकेतली दरी पुढेही बुजलेली नाही. २०१९ साली यूगव्ह या पाहणी करणाऱ्या संस्थेने दोन्हीकडच्या लोकांना काही ठरावीक ब्रिटिश वाक्यांचे अर्थ विचारले. त्यात एक होतं, 'विथ द ग्रेटेस्ट रिस्पेक्ट', म्हणजे 'अत्यंत आदरपूर्वक सांगतो'. बहुसंख्य ब्रिटिशांनी सांगितलं, याचा अर्थ 'तुम्ही मूर्ख आहात'. निम्म्याच्या आसपास अमेरिकनांना वाटलं, याचा अर्थ 'मी तुमचं म्हणणं ऐकतोय'. आपल्याकडे सभेत 'सन्माननीय सदस्यांचा मला आदर आहे, परंतु' असं कुणी सुरू केलं की मागच्या बाकावरचेसुद्धा सावरून बसतात, त्यातलाच हा प्रकार.

सभेवरून 'टेबल' आठवलं. हे उदाहरण विन्स्टन चर्चिलने आपल्या दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात स्वतःच नोंदवून ठेवलंय. पर्ल हार्बरवर हल्ला झाला ७ डिसेंबर १९४१ रोजी. दोनच आठवड्यांनी ब्रिटिश आणि अमेरिकन सेनानी वॉशिंग्टनला एकत्र बसले. ब्रिटिशांनी एक टिपण तयार केलं होतं. विषय निकडीचा, तेव्हा ते म्हणाले, आपण हे 'टेबल' करू. अमेरिकन म्हणाले, छे, हे 'टेबल' करून चालणारच नाही, विषय महत्त्वाचा आहे. यावर बराच वेळ वाद झाला, आवाज चढले. शेवटी उलगडा झाला तो असा की दोघांनाही तो विषय ताबडतोब चर्चेला घ्यायचा होता.

झालं होतं असं की, ब्रिटिश संसदेच्या सवयीने कागद मेजावर ठेवला म्हणजे तो सर्वांसमोर आला, चर्चेला घेतला. अमेरिकेच्या कायदेमंडळात मात्र कागद मेजावर 'पडू दिला' म्हणजे बाजूला सारला. मेज तेच, कागद तोच, आणि अर्थ पूर्व-पश्चिम. आपण याबाबतीत ब्रिटिशांच्या घरातले. आपल्या संसदेत नि विधिमंडळात कागदपत्रं 'पटलावर ठेवली जातात' ती सभागृहाला दाखवण्यासाठी. (ती पुढे वाचतो कोण, हा निराळा प्रश्न.) अमेरिकन कंपनीबरोबर काम करणाऱ्या आपल्या मुलांनी मात्र हा शब्द जपून वापरावा. त्याच जातीचा दुसरा शब्द 'मूट पॉइंट'. ब्रिटिशांच्या लेखी, ज्यावर वाद घालता येईल असा मुद्दा. अमेरिकनांच्या लेखी, ज्यावर वाद घालण्यात आता काही अर्थ उरलेला नाही असा मुद्दा.

नाटकवाल्यांचंही तेच. लंडनमध्ये प्रयोग 'वेंट लाइक अ बाँब' म्हणजे धो धो चालला. न्यूयॉर्कमध्ये नाटक 'बाँब्ड' म्हणजे आपटलं. तार वाचणाऱ्या निर्मात्याने हसावं की रडावं?

एक उदाहरण रविवारच्या सकाळी सांगावं की नाही याचा मी विचार करत होतो, पण सांगतो. 'नॉक अप' म्हणजे ब्रिटिशांच्या जुन्या बोलीत दार ठोठावून झोपेतून उठवणं. घड्याळाचे गजर स्वस्त नव्हते, त्या काळात उत्तर इंग्लंडमधल्या गिरणगावांत हा चक्क धंदा होता. 'नॉकर-अप' नावाचा माणूस लांब काठी घेऊन पहाटे फिरायचा आणि गिरणीकामगारांच्या वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांवर टकटक करायचा. आठवड्याला त्याचे ठरलेले पैसे असत. अमेरिकेत हाच 'नॉक अप' जे सांगतो, ते मराठीत आपण 'दिवस गेले' असं म्हणून सांगतो, आणि तेही इतक्या सभ्यपणे नाही. तेव्हा इंग्लंडमधल्या एखाद्या भल्या गृहस्थाने अमेरिकन पाहुणीला 'उद्या सकाळी सातला तुम्हाला नॉक अप करतो' असं आश्वासन दिलं, तर पुढचा प्रसंग तुम्हीच कल्पनेने पुरा करा.

आता आपल्या अंगणातला शब्द घेतो, 'होमली'. आपल्या इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या विवाहविषयक जाहिरातींत वर्षानुवर्षं हा शब्द ठाण मांडून होता. 'होमली गर्ल' म्हणजे आपलं जुनं 'गृहकृत्यदक्ष'. घर सांभाळणारी, साधी, माणसं जोडणारी. इंग्लंडमध्ये 'होमली' हा शब्द बहुतेक जागेला लावतात. उबदार, घरगुती वाटणारी खानावळ 'होमली' असते. अमेरिकेत मात्र 'होमली' म्हणजे दिसायला बेताची, स्पष्टच बोलायचं तर कुरूप. माझा भाचा न्यू जर्सीला असताना त्याच्या टेबलावर मुंबईचं एक वर्तमानपत्र पडलेलं होतं. सोबतच्या अमेरिकन बाईंनी ते पान बराच वेळ वाचलं आणि काळजीने विचारलं, तुमच्याकडे आईबाप स्वतःच्या मुली कुरूप असल्याचं पैसे भरून छापतात, ते कशासाठी? त्यांना वाटलं, हा आमच्या प्रामाणिकपणाचा काही प्रकार असावा. भाच्याने खुलासा केला. पण मला त्या बाईंचा प्रश्न अगदीच चुकीचा वाटत नाही. मुलीच्या सगळ्या शिक्षणाला बाजूला सारून 'होमली' एवढाच गुण छापणारा शब्द अमेरिकन अर्थाने नसला, तरी दुसऱ्या अर्थाने कुरूपच होता.

इथवर देशादेशांतला फरक झाला. पण एकाच गावातल्या, एकाच वर्गातल्या इंग्रजी मुलांनाही एका म्हणीचा एकच अर्थ लागत नाही, आणि इथे मला स्वतःचा आणखी एक गुन्हा कबूल करायचा आहे.

'अ रोलिंग स्टोन गॅदर्स नो मॉस.' गडगडत्या दगडाला शेवाळ धरत नाही. पेपरात या म्हणीचा अर्थ विचारला होता. नमुना उत्तर असं : जो माणूस एका जागी स्थिर राहत नाही, त्याच्या पदरी धन, प्रतिष्ठा, काहीच साठत नाही. एका मुलाने लिहिलं होतं की माणसाने सतत हलतं राहावं, म्हणजे अंगावर बुरशी चढत नाही. पुढे त्याने दाखला दिला होता वडिलांचा. ते एस.टी.त चालक होते, आज या डेपोत तर उद्या त्या, आणि म्हणून ते अजून ठणठणीत आहेत. मी शून्य दिलं. वर लाल शाईत लिहिलं, 'अर्थ उलटा.'

अर्थ उलटा होता खरा, पण चुकीचा नव्हता. ही म्हण फार जुनी. इरॅस्मसने इ.स. १५०० च्या सुमारास ग्रीक-लॅटिन म्हणींचा जो संग्रह केला त्यात ती आहे, आणि १५४६ साली जॉन हेवुडने इंग्रजी म्हणी गोळा केल्या त्यांतही ती आहे. त्या काळी शेवाळ ही मिळवायची गोष्ट होती. दगड बिचारा फिरत राहिला म्हणून तिला मुकला. पुढे काळ बदलला. विशेषतः अमेरिकेत, जिथे माणूस गाव सोडून पश्चिमेला निघाला की त्याला कर्तबगार म्हणत, तिथे शेवाळ ही घाण झाली आणि गडगडणं हा गुण. १९६२ साली लंडनच्या पोरांनी आपल्या गाण्याच्या चमूला 'रोलिंग स्टोन्स' नाव दिलं. मडी वॉटर्स या अमेरिकन गायकाच्या गाण्यावरून त्यांनी ते उचललं होतं, आणि शेवाळ न धरल्याची त्यांना काही खंत असेल असं वाटत नाही. आपल्याकडे 'वाहतं पाणी निर्मळ' म्हणतातच. त्या एस.टी. चालकाच्या मुलाने म्हण आपल्या घरच्या अनुभवाला लावून पाहिली होती. कोट्यवधी अमेरिकन तेच करतात. फक्त त्यांना पेपर तपासायला मी नसतो.

बार्बरा किर्शेनब्लाट-गिम्ब्लेट नावाच्या लोकसाहित्याच्या अभ्यासक आहेत. त्यांनी १९७३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. टेक्सासमधल्या विद्यार्थ्यांना त्यांनी अगदी घासून गुळगुळीत झालेल्या म्हणींचे अर्थ विचारले होते. त्यांतली एक, 'अ फ्रेंड इन नीड इज अ फ्रेंड इनडीड'. आपण शाळेत शिकलो : अडचणीत मदत करतो तो खरा मित्र. काही विद्यार्थ्यांनी तेच सांगितलं. पण काहींनी सांगितलं, स्वतः अडचणीत असताना जो निःसंकोच तुमच्याकडे मदत मागायला येतो, तो खरा मित्र. व्याकरण पाहा. 'गरजेतला मित्र' असंच तर म्हटलंय. गरज कुणाची, ते म्हण सांगतच नाही. मी हे वाचलं आणि आठवायला लागलो की आपण कुणाकुणाकडे हक्काने उसने पैसे मागितले होते. दुसरा अर्थ मला पहिल्यापेक्षा जास्त खरा वाटतो. मदत करणं त्यामानाने सोपं असतं.

आता अगदी साधं, रोजच्या कामाचं वाक्य घ्या. 'बुधवारची सभा दोन दिवस फॉरवर्ड केली आहे.' सभा कधी? सोमवारी की शुक्रवारी? हसू नका. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांना हे विचारलं तर साधारण निम्मे सोमवार म्हणतात, निम्मे शुक्रवार, आणि प्रत्येकाला वाटतं की दुसरा अर्थ संभवतच नाही. लेरा बोरोडिट्स्की आणि मायकेल रॅम्स्कार या दोन संशोधकांनी यावरचे प्रयोग २००२ साली प्रसिद्ध केले. कॅलिफोर्नियात आगगाडीच्या उतारूंना, विमानतळावर बसलेल्यांना, खाणावळीच्या रांगेत उभ्या असलेल्यांना त्यांनी हाच प्रश्न विचारला. रांगेत पुढे सरकलेले, नुकते विमानातून उतरलेले किंवा गाडीत नुकते चढलेले लोक 'शुक्रवार' जास्त म्हणाले. विमानतळावर नुसतेच कुणाची तरी वाट पाहत बसलेले निम्मे-निम्मे राहिले. म्हणजे आपण काळातून पुढे चाललोय असं ज्याला वाटतं, तो सभा आपल्याबरोबर पुढे नेतो. आणि काळ आपल्याकडे येतोय असं ज्याला वाटतं, तो सभा आपल्याकडे ओढतो. माणूस कुठे उभा आहे त्यावर त्याच्या भाषेचा अर्थ ठरावा, हे मला कुठल्याही कादंबरीपेक्षा विलक्षण वाटलं.

मराठीत हा घोटाळा होत नाही. सभा 'पुढे ढकलली' म्हणजे लांबली, 'अलीकडे आणली' म्हणजे लवकर झाली. ते मराठी माणसाला विचारावं लागत नाही. आणि इंग्रजीतही आपण भारतीयांनी यावर तोड काढली, ती म्हणजे 'प्रीपोन'. 'पोस्टपोन'च्या जोडीला बसवलेला हा शब्द. मी वर्गात त्यावर कित्येक वर्षं लाल रेघ मारली. 'असा शब्द साहेबाच्या भाषेत नाही' म्हणून. आज तो ऑक्सफर्डच्या कोशात आहे. साहेबाला सोमवार-शुक्रवार नीट सांगता येत नव्हता, आणि आपल्या कचेरीतल्या कारकुनाला येत होता, एवढाच त्याचा अर्थ.

आपण मराठीत फार शहाणे आहोत अशातला भाग नाही. 'परवा' म्हटलं की येणारा की गेलेला, हे क्रियापद आल्याशिवाय कळत नाही. निघताना आपण 'येतो' म्हणतो. देवापुढे नारळ फोडत नाही, 'वाढवतो'. आणि नारळ देणं? माझ्या निवृत्तीच्या समारंभात एका तरुण प्राध्यापकाने माइकवर जाहीर केलं, 'आज आपण सरांना नारळ देत आहोत.' पहिल्या दोन रांगांतले लोक खो खो हसले. तिसऱ्या रांगेपासून पुढे कुणाला काही कळलं नाही. त्याला बिचाऱ्याला शाल-श्रीफळ म्हणायचं होतं. तोही मराठी, मीही मराठी, मध्ये फक्त तीस वर्षांचं अंतर.

तर ती मुलगी. तिने चिकाटी सोडली नाही. तो भाग नव्याने लिहिला, एक वर्ष जास्त लागलं, शिष्यवृत्ती संपल्यावरचे महिने ग्रंथालयात रात्रपाळी करून काढले. पुढे ती अमेरिकेत शिकवायला गेली. तिथे सुरुवातीलाच एका विद्यार्थ्याच्या निबंधावर तिने, आता चांगली इंग्लंडी वळणाची झाल्यामुळे, 'क्वाइट गुड' असं लिहिलं. निबंध सुमारच होता. विद्यार्थी आभार मानायला आला, काही न बदलता. त्या दिवसापासून ती शेरा मारत नाही. कुठलं वाक्य काढायचं, काय घालायचं, कोणत्या तारखेपर्यंत, असं सरळ लिहून देते. वेळ जास्त लागतो, म्हणते.

हे भाषण लिहायला घेतलं तेव्हा मी तिला कळवलं, की तुझी हकिगत सांगायची आहे, परवानगी दे. तिचं उत्तर आलं : 'सर, जरूर सांगा, फक्त नाव नको, आईला वाईट वाटेल. आणि तुम्ही पेढे वाटले होते, हे इतक्या वर्षांत मला कधी सांगितलं नाहीत ते?'